४० सेंटिमीटरचा स्टीलचा कोन आणि आमचा क्रोकांबूश: दोनदा वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

आधी वस्तू सांगते. स्टेनलेस स्टीलचा उभा कोन, ४० सेंटिमीटर उंच, खाली व्यास १८ च्या आसपास, टोक बंद, बूड उघडं. सोबत एक पातळ कागद आणि त्यावर चार चित्रं, बाकी काही नाही. ३४ युरोला पडला. या कोनाचा उपयोग एकच, क्रोकांबूश रचायचा, त्यामुळे घ्यायच्या आधी मी जवळजवळ दोन वर्षं विचार करत होते, आणि माझ्यासारखंच घेऊ की नको करत बसलेले अजून कोणीतरी असतील म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

ज्यांनी क्रोकांबूश पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. छोटे छोटे गोल पफ असतात, आपल्या बेकरीतले खारीचे पफ नव्हेत, हे शू पेस्ट्रीचे, आतून पोकळ, आत कस्टर्डसारखं क्रीम भरलेलं. प्रत्येक पफ गरम कॅरमलमधे बुडवून एकमेकाला चिकटवत चिकटवत त्यांचा उंच मनोरा रचायचा. नावाचा अर्थच ‘तोंडात कुडकुड वाजणारं’ असा आहे. टीव्हीवरच्या कुकिंग स्पर्धांमधे बऱ्याच जणांनी पाहिला असेल, पण तिथे तो एक अवघड टास्क म्हणून येतो आणि इथे फ्रान्समधे तो घरातल्या कार्याचा पदार्थ आहे. लग्न, बाळाचा बाप्तिस्मा, मुलांचं पहिलं कम्युनियन (चर्चमधे प्रसाद पहिल्यांदा घ्यायचा विधी), कधी ख्रिसमस. लोक त्याला नुसतं ‘पिएस माँते’ म्हणतात, म्हणजे रचून उभं केलेलं काहीतरी. मला पहिल्यांदा पाहिल्यावर थेट आपलं रुखवत आठवलं. तेच ते, खाण्याच्या वस्तूंचा देखावा, सगळ्यांनी आधी कौतुकाने बघायचा आणि मग वाटून खायचा. १९व्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमधे आंतोनँ कारेम नावाचे शेफ होते, ते लायब्ररीत जाऊन जुन्या इमारतींची चित्रं अभ्यासायचे आणि तसे देखावे साखरेत आणि पेस्ट्रीत उभे करायचे, या मनोऱ्याचं नावही बहुतेक वेळा त्यांच्याशीच जोडलं जातं.

मी सांगलीची, लग्नानंतर ल्यों जवळ राहते, सासर इथलंच. सासूबाईंच्या स्वतःच्या लग्नात बोजोलेमधल्या त्यांच्या गावच्या बेकरने क्रोकांबूश केला होता आणि तो गाडीच्या मागच्या सीटवर मांडीत धरून आणला होता, ही गोष्ट मी दर ख्रिसमसला ऐकलेली आहे. त्यामुळे या जूनमधे नणंदेच्या मुलीचा बाप्तिस्मा ठरला तेव्हा मी म्हटलं की मनोरा मी करते. विकत आणायचा पर्याय होताच, पण दोन वर्षांपूर्वी घरातल्याच एका कार्याला आम्ही एका दुकानातून आणला होता, दिसायला सुंदर होता पण पफ आतून ओलसर, मऊ, कॅरमल बोटाला चिकटत होतं, कुडकुड काहीच नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही, कदाचित त्या दिवशीच्या हवेमुळे झालं असेल, पण सासूबाईंचा चेहरा उतरलेला मी पाहिला होता.

आता कोन लागतोच का? खरं सांगायचं तर लागत नाही. इथले मुरलेले पेस्ट्रीवाले नुसत्या हाताने रचतात, खाली गोल कडं, त्यावर जरा लहान कडं, असं करत वर. मी व्हिडिओ बघून दहा बारा पफांवर प्रयत्न केला आणि तिसऱ्या कड्यालाच मनोरा एका बाजूला कलला. तसं करायला नजर बसावी लागते आणि ती दहा वेळा केल्याशिवाय बसत नाही, घरी आपण हे वर्षातून एकदा करणार. दुसरा स्वस्त उपाय म्हणजे जाड पुठ्ठ्याचा कोन करून त्यावर बटर पेपर गुंडाळायचा, ते चालतं, पण पुठ्ठा कॅरमलच्या उष्णतेने आणि पफांच्या वजनाने हळूहळू दबतो, २०-२५ पफांच्या छोट्या मनोऱ्यापर्यंत ठीक आहे. थर्माकोलचे कोनही मिळतात, पण त्यावर पफ टूथपिकने टोचतात आणि कोन आतच राहतो, म्हणजे ती सजावट झाली. पाहुण्यांच्या लहान मुलांच्या हातात टूथपिक जाणार ही कल्पनाच मला नको वाटली.

स्टीलच्या कोनाचा खरा फायदा मला वापरल्यावर कळला. कॅरमल थांबत नाही. पातेलं गॅसवरून उतरवलं की घड्याळ सुरू, पाच सात मिनिटांत ते मधासारखं घट्ट होतं, मग परत मंद आचेवर ठेवायचं, आणि दर वेळी गरम करताना ते अजून थोडं करपतं. अशा वेळी हा पफ कुठे बसवू, कोन सरळ येतोय का, असा विचार करायला वेळच नसतो. कोन असला की विचार संपला, पफ टेकवायचा आणि पुढचा घ्यायचा. ३४ युरो मी या निवांतपणाचे दिले असं समजते आणि मला ते वसूल वाटतात.

वापरायच्या दोन पद्धती आहेत आणि माझ्या मोल्डवर दोन्ही केल्या. पहिल्यांदा ख्रिसमसला, ८ जणांसाठी ट्रायल म्हणून, आतून रचला. म्हणजे कोन उलटा, टोक खाली, एका उंच स्टॉकपॉटमधे अडकवून उभा केला, आतून तेलाचा हात फिरवला, आणि टोकापासून वर वर पफ लावत आणले, पफची चकचकीत कॅरमलची बाजू भिंतीकडे. वर आला की ताटावर पालथा घालायचा आणि मोल्ड उचलायचा. या पद्धतीत बाहेरचा पृष्ठभाग एकदम एकसारखा येतो, बघायला फार छान. पण कोनाला आतल्या बाजूने जो उभा वेल्डिंगचा सांधा आहे तो किंचित वर आलेला आहे, तिथे तेल टिकत नाही, आणि नेमका तिथेच कॅरमलचा ओघळ धरला. मोल्ड सुटेना. शेवटी ओला गरम टॉवेल बाहेरून गुंडाळला तेव्हा सुटला, एका बाजूचे चार पफ मोल्डमधेच राहिले. ती बाजू भिंतीकडे करून ठेवली. चव उत्तम होती, सगळा संपला, पण या सांध्याबद्दल कंपनीने काहीतरी करायला हवं, घासून सपाट करणं काही अवघड नाही, आणि या किमतीला ते अपेक्षितच आहे.

जूनमधे म्हणून बाहेरून रचला. कोन सरळ उभा, त्यावर बटर पेपर घट्ट गुंडाळून टेप लावली, म्हणजे सांध्याचा प्रश्नच मिटला, आणि पेपर गुंडाळायच्या आधी त्यावर पेन्सिलने दर ४ सेंटिमीटरवर रेघा मारून ती बाजू आत ठेवली, पेपरमधून रेघा दिसतात. मोल्डवर अशा खुणा मुळातच असायला हव्या होत्या. रेघा नसल्या की तिसऱ्या चौथ्या ओळीला पफांची रांग चढायला लागते आणि मनोरा जिन्यासारखा गोल गोल वर जातो.

पण कोन हा शेवटचा एक तास आहे, त्याच्या आधीचं काम नीट नसेल तर कुठलाही मोल्ड वाचवणार नाही, त्यामुळे ते पण लिहिते.

पफांचं पीठ म्हणजे चक्क आपली उकड. ज्यांना मोदकाची उकड काढता येते त्यांनी घाबरायचं काहीच कारण नाही. मी एका घाण्याला १२५ मिली पाणी, १२५ मिली दूध, १०० ग्रॅम बटर, चमचाभर साखर, मीठ, हे उकळलं की गॅस बंद करून १५० ग्रॅम मैदा एकदम ओतते आणि लाकडी चमच्याने घोटते. मग परत गॅसवर, दोन तीन मिनिटं, पातेल्याच्या तळाला पातळ पापुद्रा धरेपर्यंत. ही पाणी आटवायची पायरी सगळ्यात महत्त्वाची, घाई केली की पुढे पफ बसतात. मग थोडं गार करून एकेक करत अंडी, एकूण २५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाच. पण शेवटचं अंडं फेटून थोडं थोडंच घालायचं, कारण मैदा किती पाणी पितो ते दर वेळी वेगळं असतं. चमचा उचलल्यावर पीठ त्रिकोणी जिभेसारखं लोंबायला हवं, तिथे थांबायचं. शू या फ्रेंच शब्दाचा अर्थ कोबी, आणि ट्रेमधे फुगलेले पफ बघितले की ते कोबीचे छोटे गड्डेच वाटतात.

पफ ३ सेंटिमीटरचेच पाडायचे, फुगून ४ च्या वर जातात. माझ्या ४० च्या कोनाला ९५ पफ लागले, मी दोन घाण्यांत ११५ केले होते कारण काही वेडेवाकडे होतातच. इथे एका माणसाला तीन किंवा चार पफ असा हिशोब धरतात, आम्ही २६ माणसं होतो म्हणजे बरोबर बसलं. ओव्हन १८० ला, ३० ते ३५ मिनिटं, आणि पहिली २५ मिनिटं दार अजिबात उघडायचं नाही. यात बेकिंग पावडर वगैरे काही नसतं, आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुगतात, गार हवा लागली की बसतात. नंतर प्रत्येकाच्या बुडाला नोझलने भोक पाडून परत दहा मिनिटं ओव्हनमधे, दारात लाकडी चमचा अडकवून. त्याच भोकातून पुढे क्रीम भरायचं, आणि आतली वाफ निघून गेल्यामुळे पफ कोरडे राहतात. दुकानातला मनोरा ओला का झाला असेल ते मला ही पायरी केल्यावर समजलं असं वाटतं. पफ आदल्या दिवशी केले तरी चालतात, डब्यात बंद न करता ट्रेमधेच ठेवून सकाळी पाच मिनिटं परत गरम केले.

क्रीम आदल्या रात्री. लिटरभर दूध, ८ बलक, २०० ग्रॅम साखर, ९० ग्रॅम कॉर्नफ्लोर, एक व्हॅनिलाची शेंग. नेहमीपेक्षा घट्टच ठेवायचं, सैल क्रीम पफला आतून भिजवतं. माझा फार मोह होता केशर वेलची घालायचा, आणि मी अर्ध्या क्रीममधे घातली पण, त्याबद्दल पुढे.

आता कॅरमल. आपल्याकडे पाकाची भाषा आहे, एकतारी, दोनतारी, गोळीबंद, हा पाक त्या सगळ्यांच्या पुढचा. ५०० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम पाणी, १०० ग्रॅम ग्लुकोज सिरप, थर्मामीटर लावून १६० अंशांना उतरवायचा, स्वतःच्या उष्णतेने तो १६५ पर्यंत जातो, मग पातेल्याचं बूड दोन सेकंद गार पाण्यात टेकवायचं. रंग फिकट मधाचा हवा. ग्लुकोज वगळू नका, त्याच्याशिवाय साखर परत दाणेदार होते आणि मग ते पूर्ण पातेलं वाया. उकळताना चमचा घालून ढवळायचंही नाही, कडेला चिकटलेले दाणे ओल्या ब्रशने खाली उतरवायचे. मी पॅरिसला ले आल भागातल्या देहिलरँ या दुकानातून तांब्याचं छोटं साखरेचं पातेलं घेतलेलं आहे, १८२० सालचं दुकान, जुन्या लाकडी मांडण्या आणि छतापर्यंत लटकलेली तांब्याची भांडी, स्वयंपाकाची आवड असेल तर पॅरिसला गेल्यावर नक्की जा. तांब्यात उष्णता सगळीकडे सारखी लागते. पण इंडक्शनवर ते चालत नाही, तुमच्याकडे इंडक्शन असेल तर जाड बुडाचं स्टीलचं पातेलं बघा.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. शेजारी बर्फाच्या पाण्याचं मोठं भांडं ठेवल्याशिवाय कॅरमलला हात लावू नका. उकळतं पाणी १०० अंश, हे १६०, आणि चिकटतं, झटकून जात नाही. लहान मुलांना त्या वेळात स्वयंपाकघराच्या बाहेर, दार बंद. आमच्या मुलाला आजोबांबरोबर बागेत पाठवलं होतं.

बाप्तिस्मा शनिवारी दुपारी साडेतीनला होता आणि खाणं साडेपाचला सासूबाईंच्या बागेत. मी बाराला भरायला सुरुवात केली, कारण भरलेला पफ चार पाच तासांपुढे कुरकुरीत राहत नाही, आणि रचलेला मनोरा फ्रीजमधे ठेवता येत नाही, फ्रीजच्या ओलाव्याने कॅरमल पाझरायला लागतं. आधी सगळ्या पफांची डोकी कॅरमलमधे बुडवून सिलिकॉनच्या मॅटवर पालथी ठेवली, गार झाल्यावर वर गुळगुळीत काचेसारखी टोपी येते. मग दुसरं पातेलं कॅरमल, आणि रचणं. सासूबाई पफ हातात देत होत्या, मी कडेला दोन ठिपके कॅरमल लावून कोनाभोवती बसवत होते. मोठे पफ खाली, लहान वर, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या खाचेत, विटांच्या भिंतीसारखी. लक्षात ठेवायचं एवढंच की पफ पफला चिकटायला हवा, कोनाला नको. खालच्या ओळीत १६ आले, पुढे कमी कमी होत गेले. टोकाचे शेवटचे ४ सेंटिमीटर कोन इतका निमुळता आहे की पफ त्यावर बसतच नाहीत, तिथे मी थांबले आणि वरचे चार पफ कोन काढल्यावर बसवले. हाही मोल्डचा एक दोषच म्हणेन, टोक जरा बोथट असतं तर चाललं असतं.

सगळ्यात भीती कोन काढायची होती. २० मिनिटं तसंच ठेवलं. मग दोघींनी चार हातांनी खालच्या ओळीला धरून मनोरा सरळ वर उचलला आणि तो कागदासकट अलगद वर आला, कोन टेबलावर तसाच उभा. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसता माझा दंड धरून उभ्या राहिल्या. आतला कागद ओढून काढला आणि मनोरा बैठकीवर ठेवला.

बैठक नुगातीनची, म्हणजे साखरेच्या कॅरमलमधे बदामाचे काप. ही तर बदामाची चिक्कीच, गरम असताना तेल लावलेल्या लाटण्याने लाटायची, सुरीने गोल कापायची. सासूबाईंना ते संगमरवरावर तेल लावून करायची सवय, मी माझा सांगलीहून आणलेला पोळपाट काढला आणि तो उलट जास्त बरा पडला. थंड झाली की कापता येत नाही, तडकते, तेव्हा ओव्हनच्या दाराशी ठेवून परत मऊ करून घ्यायची. मनोऱ्याच्या खाचांमधे ड्राजे लावले, साखरेचा पातळ थर दिलेले बदाम, इथे बाप्तिस्म्याला आणि लग्नाला ते असतातच. मला ते बघून नेहमी संक्रांतीचा काटेरी हलवा आठवतो, हे फक्त गुळगुळीत. शेवटी उरलेल्या घट्ट कॅरमलमधे दोन काटे बुडवून मनोऱ्याभोवती झपाझप फिरवले की सोन्याच्या तारा ओढल्या जातात, म्हातारीचे केस असतात ना तसे. ते मात्र अगदी शेवटी, अर्ध्या तासात ते विरघळायला लागतात.

साडेपाचला बागेत आणला. कापायचा नसतो, वरून एकेक पफ चिमट्याने तोडायचा, आणि पहिला पफ तुटताना जो काडकन आवाज आला त्यावर सगळ्या टेबलाने टाळ्या वाजवल्या. कुडकुड होती, शेवटच्या पफापर्यंत होती. केशर वेलचीचे पफ मी मुद्दाम खालच्या चार ओळींत लावले होते, म्हटलं वरचे तरी सगळ्यांच्या ओळखीच्या चवीचे असूदेत. तिथपर्यंत पोचल्यावर नणंदेने विचारलं हे काय आहे, आणि मग लोक वाकून खालूनच तोडायला लागले. मला ओरडून थांबवावं लागलं, खालची ओळ काढली तर मनोरा येईल की खाली.

भारतात करणाऱ्यांसाठी. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात पावसाळ्यात याच्या नादाला लागू नका, दमट हवेत कॅरमल तासाभरात चिकट होतं आणि पफ घसरतात. पुणे, नाशिक, सांगलीकडे डिसेंबर जानेवारीची कोरडी हवा याला फार छान. एसी खोलीत रचला तर अजून बरं. नेहमीचा मैदा चालतो. लिक्विड ग्लुकोज केकच्या सामानाच्या दुकानात मिळतं. ओटीजीमधे एका वेळी एकच ट्रे लावा, मागे पुढे सारखं भाजलं जात नाही म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत ट्रे फिरवून घ्या.

कुठला आकार? ३० सेंटिमीटरचा स्वस्त मिळतो पण त्यावर ४० पफसुद्धा जेमतेम बसतात, आणि ताटावर ठेवल्यावर कार्याचा पदार्थ वाटत नाही. ५० च्या पुढचे मोठे मोल्ड घरच्या दोन माणसांना उचलायला जमणार नाहीत, माझ्या ४० च्याच मनोऱ्याचं वजन तीन किलोच्या आसपास भरलं. प्लास्टिकचा नको, गरम कॅरमलपाशी तो वाकतो. स्टीलच घ्या, आणि घेताना आतून सांध्यावर बोट फिरवून बघा. खालची कड पण बघा, माझ्या मोल्डची वळवलेली नाहीये, धारदार आहे, मी तिथे कापडी टेप लावून टाकली. ऑनलाइन मागवलेला पहिला पीस टोकाला चेपलेला आला होता, फोटो पाठवल्यावर आठवड्यात बदलून दिला, त्याबद्दल तक्रार नाही.

पाचपैकी साडेतीन तारे मोल्डला. सांधा, कड आणि खुणा नीट असत्या तर पाच दिले असते.

धुवायला सोपा आहे, घासायचा नाही, कडकडीत पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवला की कॅरमल आपोआप विरघळतं. सध्या तो सासूबाईंकडे आहे, त्यांनी नेलाय. ऑगस्टमधे त्यांच्या लग्नाचा वाढदिवस आहे, आणि या वेळी पफ मी देणार, रचणार त्या, असं ठरलंय.